बिनगाण्याची तबकडी

एखाद्या रेकॉर्ड प्लेअरवर आपण काळी तबकडी ठेवली, सुई टेकवली आणि गाण्याऐवजी नुसतीच एकसुरी शिट्टी ऐकू येऊ लागली, तर आपण काय म्हणू? तबकडी बिघडली, असेच म्हणू. पण अशा तबकड्या मुद्दाम बनवल्या जातात, दुकानांत विकल्या जातात, आणि त्या घेणारे लोक संगीताच्या व्यवसायातलेच असतात. आरंभापासून शेवटपर्यंत एकही गाणे नसलेली तबकडी कोणाला कशासाठी हवी असेल? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तर ध्वनिमुद्रणाचा जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास, न्यूयॉर्कमधील एका गरीब वस्तीतील तरुण मुले आणि मराठीच्या तासाला वृत्ते शिकवताना आपण फळ्यावर लिहितो तो एक दहा अक्षरी शब्द, या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडते.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ‘डीजे’ हा शब्द आपल्याकडे मिरवणुकीतील कर्कश ध्वनिवर्धकांच्या भिंतींना चिकटला आहे. मुळात ती ‘डिस्क जॉकी’ या शब्दांची आद्याक्षरे आहेत. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. हा लेख त्या माणसाबद्दल, विशेषतः त्याच्या हातांबद्दल आहे.

खाचेत साठवलेला आवाज

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ बनवला. त्यात आवाज साठवला जाई तो फिरत्या नळकांड्यावर, आणि सुई वर-खाली हालत असे. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, एमिल बर्लिनर याने नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी आणली आणि सुईला डावी-उजवीकडे हालणारी नागमोडी खाच दिली. ग्रामोफोनची तबकडी ती हीच. १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, बारीक खाचांची ‘लाँग प्ले’ तबकडी आली. पुढे खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरण्याची युक्ती रूढ झाली. तिचे पेटंट ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्येच मागितले होते. पण अशा स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या १९५८ पासून. एकच सुई, एकच खाच, पण डाव्या भिंतीवरचा आवाज निराळा आणि उजव्या भिंतीवरचा निराळा. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या तबकडीचा आणखी एक गुण आहे, आणि तो इतका उघड आहे की सहसा कोणी त्याचा विचार करीत नाही. गाण्यातला प्रत्येक क्षण तबकडीवर एका ठरावीक जागी असतो. मिनिटाला ३३ १/३ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तबकडी हाताने अर्धा फेरा मागे नेली, की गाणे ०.९ सेकंद मागे जाते. काळ हा कोनात मोजता येतो, आणि तो बोटाने सरकवताही येतो. ग्रामोफोन ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना या गुणाचा काही उपयोग नव्हता. तो उपयोग शोधला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मुलांनी.

ब्राँक्समधील प्रयोगशाळा

११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील सेजविक ॲव्हेन्यूवरच्या एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत, एवढाच तिचा हेतू होता. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह. जमैकात जन्मलेला हा मुलगा ‘कूल हर्क’ या नावाने ओळखला जाऊ लागला होता. नाचणाऱ्यांना गाण्यातला एक छोटा तुकडा सर्वांत आवडतो, गायन थांबते आणि फक्त तालवाद्ये वाजत राहतात तो, हे त्याने हेरले होते. तुकडा काही सेकंदांचाच असायचा. तो लांबवण्यासाठी हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, आणि तेवढ्यात पहिली पुन्हा मागे.

पण खाच शेकडो वेटोळ्यांची. नेमकी जागा सापडावी कशी? येथे जोसेफ सॅडलर ऊर्फ ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ पुढे येतो. तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या या मुलाने तबकडीवरच रंगीत खडूने खूण केली. खूण घड्याळाच्या काट्यासारखी वाचायची आणि किती फेरे मागे जायचे ते मोजायचे. तबकडी हाताने सहज फिरावी म्हणून तिच्याखाली त्याने कापडाची गुळगुळीत चकती घातली, म्हणजे खालची थाळी फिरत राहिली तरी वरची तबकडी बोटांच्या ताब्यात राही. त्याच सुमारास थिओडोर लिव्हिंगस्टन नावाचा एक लहान मुलगा घरी सराव करत असताना आई आवाजाबद्दल रागवायला खोलीत आली. तिचे बोलणे ऐकताना त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत पुढे-मागे हालवली. निघालेला खरखरीत आवाज त्याला आवडला. ‘स्क्रॅच’ या वादनप्रकाराची जन्मकथा म्हणून तो स्वतः हीच घटना सांगत आला आहे.

या मुलांना वापरता येईल असे यंत्र जपानमध्ये दुसऱ्याच हेतूने तयार झाले होते. जुन्या यंत्रांत मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवी. हाताने अडवले की पट्टा घसरे आणि वेग पुन्हा जमायला वेळ लागे. मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये मोटरच्या आसावरच थाळी बसवलेले यंत्र काढले. त्याच पद्धतीचे ‘टेक्निक्स एसएल-१२००’ १९७२ मध्ये घरगुती श्रोत्यांसाठी आले. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत थाळी ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेई आणि एका सरकत्या दांडीने वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. ऐकण्याचे साधन अशा रीतीने वाजवण्याचे वाद्य बनले. तबला किंवा सतार शिकायला जशी वर्षे लागतात, तशीच या वाद्यावर हात बसायलाही लागू लागली.

हात आणि संगणक यांची ताटातूट

१९८२ मध्ये काँपॅक्ट डिस्क आली. ती यंत्राच्या पोटात बंद होते आणि प्रकाशकिरणाने वाचली जाते. बोटाला तिथे काही कामच नाही. १९९० च्या दशकात गाणी संगणकाच्या फाइलमध्ये मावू लागली. एक लाँग प्ले तबकडी आवरणासह सुमारे पाव किलोची. शंभर तबकड्या न्यायच्या म्हणजे पंचवीस किलोचे ओझे. आणि मांडीवरच्या संगणकात हजारो गाणी! ओझे कोणालाही नकोच होते. पण गाणी संगणकात गेली, तर वीस वर्षे घोटलेले हाताचे कौशल्य कशावर चालवायचे? माउस सरकवून स्क्रॅच करणे म्हणजे टंकलेखन यंत्रावर तबला वाजवण्यासारखे झाले असते.

नवे तंत्र आले की जुने कारागीर बाजूला पडतात, हे आपण अनेक धंद्यांत पाहिले आहे. येथेही तसेच होणार अशी चिन्हे होती. पण नेदरलँड्समधील ‘एनटूआयटी’ या छोट्या कंपनीतील लोकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न उलटा करून विचारला. माणसाला नवे यंत्र शिकवण्याऐवजी जुन्या यंत्रावरची हाताची हालचाल संगणकाला कळेल असे काही करता येईल का? त्यांनी ‘फायनल स्क्रॅच’ ही प्रणाली बनवली, तीही आता बंद पडलेल्या ‘बीओएस’ या संगणकप्रणालीवर. रिची हॉटिन आणि जॉन ॲक्वाव्हिव्हा या दोन नामवंत डी. जें.नी ती सुरुवातीपासून वापरून पाहिली. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील स्टँटन कंपनीने ती विक्रीस आणली. २००४ मध्ये न्यूझीलंडमधील सेराटो आणि अमेरिकेतील रेन या कंपन्यांनी मिळून ‘स्क्रॅच लाइव्ह’ काढले. या सर्वांची मूळ कल्पना एकच होती. तबकडीवर गाणे कोरायचेच नाही. फक्त जागेचा पत्ता कोरायचा. सुईने पत्ता वाचावा, आणि त्या पत्त्यावरचे गाणे संगणकाने आपल्या साठ्यातून वाजवावे.

वेग, दिशा आणि ठिकाण

संगणकाला तीन गोष्टी कळायला हव्यात: तबकडी किती वेगाने फिरते, कोणत्या दिशेने फिरते, आणि सुई नेमकी कुठे आहे. उदाहरणासाठी सेराटोची तबकडी घेऊ.

वेगाचे काम सोपे आहे. तबकडीवर १००० हर्ट्झचा सूर कोरलेला असतो. नेहमीच्या वेगाला सेकंदात १००० आवर्तने वाचली जातात, म्हणजे एका फेऱ्यात १८०० आवर्तने. बाहेरच्या कडेला एक आवर्तन सुमारे अर्धा मिलिमीटर लांब असते. वेग ८ टक्क्यांनी वाढवला की सूर १०८० हर्ट्झचा होतो, आणि हाताने तबकडी अर्ध्या वेगाने नेली की ५०० हर्ट्झचा. संगणकाने सूर मोजला की वेग कळला.

दिशा मात्र एका सुरावरून कळत नाही, कारण एकसारखी लहर उलटी वाचली तरी तशीच दिसते. येथे स्टिरिओ खाचेच्या दोन भिंती कामाला येतात. डाव्या आणि उजव्या भिंतीवर सूर तोच, पण एक दुसऱ्यापेक्षा पाव आवर्तनाने पुढे असतो. गणिताच्या भाषेत एक साइन आणि दुसरा कोसाइन. डावा संकेत क्ष-अक्षावर आणि उजवा य-अक्षावर मांडला, तर बिंदू वर्तुळात फिरताना दिसेल. तबकडीची दिशा उलटली की बिंदूही उलटा फिरेल. जुन्या, गोळीच्या माउसमध्ये खाचांच्या चाकापाशी दोन प्रकाशसंवेदक असत, तेही याच कारणासाठी. जुना माउस शाळेत पडून असेल तर उघडून मुलांना जरूर दाखवावा.

आता राहिले ठिकाण. आवर्तने मोजत राहिले तर अंतर कळते, पण डी. जे.ने सुई उचलून दुसरीकडे टेकवली की हिशेब मोडतो. नुसती पावले मोजून चालणाऱ्या माणसाला डोळे बांधून दुसऱ्या गावात सोडल्यासारखेच ते! यावर एक उपाय म्हणजे रस्त्यावर मैलाचे दगड लावणे. दूरदर्शन आणि चित्रपट यांच्या फितींवर प्रत्येक चित्राला वेळेचा अंक देण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली, ती अशीच होती. पण एक दगड पूर्ण वाचून होईपर्यंत थांबावे लागते, आणि स्क्रॅच करणाऱ्या हाताला थांबणे परवडत नाही. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी पत्ता सापडला पाहिजे.

यमाताराजभानसलगं

अशी रचना आपल्या परिचयाची आहे. पिंगलाच्या गणपद्धतीवर आधारलेले हे स्मरणसूत्र आपण मुलांना पाठ करायला लावतो. लघूला ० आणि गुरूला १ लिहिले, तर य मा ता रा ज भा न स ल गं म्हणजे

० १ १ १ ० १ ० ० ० १

यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घ्या. यमाता (०११) हा य गण, मातारा (१११) हा म गण, ताराज (११०) हा त गण. असे पुढे जात सलगं (००१) या स गणापर्यंत आठही गण मिळतात, आणि एकही पुन्हा येत नाही. म्हणजे मला कोणी फक्त ‘१०१’ एवढेच दाखवले, तर मी छातीठोकपणे सांगू शकतो की सूत्रातले चौथे अक्षर, ‘रा’, येथून सुरुवात झाली आहे. आठ पत्ते लिहायला चोवीस अक्षरे लागली नाहीत, दहाच पुरली. शेवटच्या ‘ल गं’चे लघु-गुरू सुरुवातीच्या ‘य मा’सारखेच आहेत, म्हणून सूत्राची टोके एकमेकांवर ठेवून आठ अक्षरांचे वर्तुळही करता येते. अशा रचनांचे गणित डच गणितज्ञ द ब्रुइन याने १९४६ मध्ये मांडले. शर्मन स्टाइन या अमेरिकन गणितज्ञाने १९६० च्या दशकात ‘स्मृतिचक्र’ म्हणून त्यांची चर्चा करताना आपल्या या संस्कृत सूत्राचा आवर्जून उल्लेख केला आहे. तबकडी बनवणाऱ्यांनी हे सूत्र पाहिले होते असा याचा अर्थ नव्हे. एकाच अडचणीवर दोन काळांतल्या माणसांना एकच युक्ती सुचली, एवढेच म्हणता येईल.

सेराटोच्या तबकडीवर प्रत्येक आवर्तनाची उंची किंचित कमी किंवा किंचित जास्त असते. तेच ० आणि १. लागोपाठच्या तिनाऐवजी वीस आवर्तनांचा एक पत्ता. वीस अंकांचे, सर्व शून्ये वगळून, १०,४८,५७५ निरनिराळे पत्ते होतात. ‘एक्सवॅक्स’ या मार्क हिल्स यांनी लिहिलेल्या मुक्त संगणकप्रणालीत या तबकडीच्या पहिल्या बाजूची लांबी ७,१२,००० आवर्तने दिली आहे, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटे. पत्ते पुरून उरतात. सुई कुठेही टेकवा, नेहमीच्या वेगाला वीस आवर्तने म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. तेवढ्यात संगणकाला ठिकाण कळते. मधल्या काळात तो वेग आणि दिशा यांवरून अंदाज चालवतो.

एवढी लांब मालिका पाठ करण्याची गरज नसते. ती एका साध्या नियमातून उगवते: आधीचे काही ठरावीक अंक मिळवायचे, बेरीज सम आली तर ०, विषम आली तर १. सॉलोमन गोलोम याने १९५० च्या दशकात अशा मालिकांचा सखोल अभ्यास केला. उपग्रहांवरून आपले ठिकाण सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेतही याच कुळातल्या मालिका वापरल्या जातात.

जोडणी

प्रत्यक्ष जोडणी अशी असते. सुईबरोबर हालणाऱ्या लोहचुंबकामुळे वेटोळ्यांत काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो. तो फार क्षीण असल्यामुळे प्रथम फोनो प्रकारच्या वर्धकातून न्यावा लागतो. यंत्राची भूजोडणीची तार विसरली, तर विजेच्या ५० हर्ट्झची घरघर संकेतात मिसळते आणि संगणक गोंधळतो. नंतर एक छोटी पेटी संकेताचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन संगणकाला अंक पुरवते, म्हणजे एका आवर्तनाला सुमारे ४४ नमुने. संगणक पत्ता ओळखतो, गाण्याच्या फाइलमधून तेथील नमुने उचलतो आणि त्याच पेटीतून मिश्रकाकडे पाठवतो. दोन यंत्रे असली की या सर्व वाटा दुप्पट. हे सगळे काही सहस्रांश सेकंदांत व्हावे लागते. दहा सहस्रांश सेकंदांत आवाज साधारण साडेतीन मीटर जातो. तेवढा विलंब म्हणजे ध्वनिवर्धकापासून साडेतीन मीटर दूर उभे राहण्यासारखा, आणि तो हाताला सोसतो. त्याहून बराच जास्त झाला, तर हात आणि कान यांची जोडी तुटते.

जमाखर्च

या युक्तीने सगळेच वाचले असे नाही. २००१ पासून तबकडीसारखे फिरणारे चाक असलेली सीडी यंत्रेही आली आणि अनेकांनी तीच पत्करली. टेक्निक्सने एसएल-१२०० चे उत्पादन २०१० मध्ये थांबवले. २०१६ मध्ये मात्र ते पुन्हा सुरू झाले. गाण्याची तबकडी शोधत जुनी दुकाने पालथी घालण्याचा नाद, तिच्या आवरणावरचा मजकूर वाचत बसणे, हे गेले ते गेलेच. पण हात वाचला. १९७० च्या दशकातल्या मुलांनी बोटांनी शोधलेली विद्या शिकायची, तर आजच्या मुलाला ती त्याच फिरत्या तबकडीवर शिकता येते. फ्लॅशची खडूची एक खूण होती. तिच्या जागी आता सात लाख अदृश्य खुणा आहेत, इतकाच फरक.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग देऊन थांबतो. कागदाच्या पट्टीवर अठरा चौकोन आखून पुढील अंक लिहा:

० ० ० १ ० ० १ १ ० १ ० १ १ १ १ ० ० ०

पाचवा आणि त्यापुढचा प्रत्येक अंक त्याच्या आधीच्या चार अंकांपैकी पहिल्या दोघांच्या बेरजेने ठरला आहे; दोन्ही १ असतील तर ०. हा नियम मुलांनाच शोधू द्यावा. मग चार चौकोन दिसतील एवढी खिडकी कापलेला पुठ्ठा पट्टीवर ठेवा. एका मुलाने खिडकी कुठेही सरकवावी आणि फक्त दिसणारे चार अंक वाचावेत. दुसऱ्याने पट्टी न पाहता, आपल्या वहीतल्या यादीवरून जागा सांगावी. ११०१ वाचले तर उत्तर ‘सातवी जागा’ असे यायला हवे. पंधराही जागा निरनिराळ्या येतात, याची खात्री मुलांनी स्वतः करावी. नंतर त्याच मुलांना यमाताराजभानसलगंचा तक्ता दाखवला, तर मराठीचा तास आणि गणिताचा तास यांच्यामधली भिंत थोडी तरी खाली येईल.

तबकडी बनवणाऱ्यांनी पहिला प्रश्न संगणकाला काय येते असा विचारला नाही. माणसाच्या हाताला आधीच काय येते, असा विचारला. नवे साधन वर्गात आणताना हाच प्रश्न आपणही मुलांच्या बाबतीत विचारायला हरकत नाही.